हात धरावा की धरू द्यावा?



आपले दैवत ज्या विटेवर उभे आहे ती वीट एका मुलाने फेकलेली आहे, आणि फेकताना तो आईबापांचे पाय चेपत होता, ही कथा आपल्यातील लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून वृद्धांची सेवा हा विषय वारकऱ्याला कोणी शिकवायला नको, असा आमचाही समज होता. चाळीस वर्षे आम्ही गावोगाव पुंडलिकाचे आख्यान लावीत आलो. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले की, विषय पोहोचला असे समजून पुढच्या गावाची वाट धरीत आलो. पण सेवा म्हणजे नेमके काय, याचा धडा आम्हाला मिळाला तो भिवंडीच्या निजामपुऱ्यात, एका देवळाच्या तीन पायऱ्यांवर, दृष्टी गेलेल्या एका वीणेकऱ्याकडून. ती हकीकत आज सांगतो. तीत चूक आमचीच आहे, आणि आपली चूक झाकून केलेले निरूपण फोल असते.

निजामपुरा म्हणजे यंत्रमागांचा मुलूख. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही 'भिवंडी-निजामपूर' अशी जोडी आहे. गल्लीत मागांचा खडखडाट असा की, बाहेरगावच्या माणसाला शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. त्या खडखडाटातच आमचे हे बाबा लहानाचे मोठे झाले. त्यांचे नाव सांगत नाही. ते त्यांना आवडणार नाही. पोरवयात त्यांनी कांड्या भरल्या, पुढे माग चालविले, साठी उलटेपर्यंत कारखान्यात उभे राहिले. गळ्यात माळ, आषाढीची वारी नेमाची, आणि चैत्रातील सप्ताहात रात्री बारा ते दोन वीणेचा पहारा त्यांचा ठरलेला. सप्ताह उभा राहिला की वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे तो उभाच असतो. असा पहारा बाबांनी तीस वर्षे केला.

सत्तरीच्या सुमारास त्यांना काचबिंदूने गाठले. हा रोग बहुधा चोरपावलांनी येतो. दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूची नजर जाते, आणि समोरचे दिसत असल्यामुळे ती गेली हे मनुष्याला उमगतही नाही. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू लागले असते. काचबिंदूत गेलेली नजर परतत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखायची. बाबांना कळले तेव्हा राखायलाही थोडीच उरली होती.

त्यांचे मुलगे चांगले, हे आधी सांगून टाकतो. सुना चांगल्या. कोणी उपाशी ठेवले नाही, कोणी तोंड टाकून बोलले नाही. उलट सगळ्यांनी मिळून त्यांना तळहातावर घेतले. "बाबा, आता तुम्ही बसा. आम्ही आहोत ना!" असे म्हणून पहिल्या महिन्यात त्यांचे बाजारात जाणे थांबविले. मग पैशाचा बटवा थोरल्याकडे गेला, कारण नोटा कळत नाहीत. कपाटाची किल्ली गेली, कारण हरवेल. न्हाणीघराची कडी आतून लावणे बंद झाले, कारण पडतील. घरी पाहुणा आला की तो बाबांसमोर बसून मुलाला विचारी, "बाबा जेवले का?" बाबा तिथेच, दोन हातांवर! वर्षभरात ते उत्तर देईनासे झाले. घरची म्हणू लागली, "बाबा हल्ली शांत झालेत, नामातच असतात." आम्हीही मान डोलावली. किती भाबडे आम्ही!

त्यापुढची चूक सर्वस्वी आमची. २०२२ च्या चैत्रात सप्ताहाची यादी आमच्यासमोर आली. पहाऱ्यांच्या नावांत बाबांचे नाव होते. आम्ही म्हणालो, "त्यांना कशाला त्रास? रात्रीची वेळ, दिसत नाही, उभे राहायचे. कोणा तरुणाला द्या." नाव खोडले. हे आम्ही दयेने केले, आणि दयेने केले म्हणूनच त्याची टोचणी लागली नाही. बाबांना विचारावे हे मनात आले नाही. त्यांचे डोळे गेले होते. वीणा धरायला डोळे कशाला लागतात, हा साधा प्रश्नसुद्धा शास्त्र शिकलेल्या आम्हाला पडला नाही.

काल्याच्या दिवशी मुलाने त्यांना देवळात आणून बसविले. कीर्तन आटोपले, प्रसाद वाटला, गर्दी पांगली. आम्ही पाहिले, बाबा पायऱ्यांपाशी उभे आहेत. पुढे झालो, त्यांचा दंड घट्ट धरला आणि "चला बाबा" म्हणून खाली नेऊ लागलो. ते जागच्या जागी थांबले. म्हणाले, "महाराज, माझा हात सोडा. मला तुमचा धरू द्या."

आम्हाला वाटले, म्हाताऱ्याला राग आला. म्हटले, "बाबा, एकच ना ते? तुम्ही धरला काय, आम्ही धरला काय."

ते म्हणाले, "एक कसं हो? तुम्ही धरलात तर मी तुमचं ओझं. तुम्ही ढकलाल तिकडं जायचं, पाय टेकायच्या आधी जायचं. मी धरला तर तुमचा खांदा उतरला की मला कळतं पायरी आली. नको वाटलं तर सोडता येतो." थोडे थांबून पुढे म्हणाले, "वीणा काढलीत. निदान हात तरी माझा मला राहू द्या."

माउलींनो, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

आता विचार करू. कोणी म्हणेल, "महाराज, हे बोलायला ठीक. पण म्हातारा पडला, खुब्याचे हाड मोडले, तर निस्तरायचे कोणी? दिसत नसता स्वयंपाकघरात गेला, हात भाजला, तर लोक नावे कोणाला ठेवतील?" हा पूर्वपक्ष खोटा नाही. पडण्याची भीती खरी, आणि हाड मोडल्यावर कित्येक म्हातारी माणसे पुन्हा उठत नाहीत, हेही आपण पाहतो. प्रश्न एवढाच की, मुलाची भीती शमविण्यासाठी बापाचे सगळे कर्तेपण काढून घ्यावे काय? दृष्टी गेल्याने मनुष्याचे एक इंद्रिय जाते. विचारणे, ठरविणे, देणे, नाही म्हणणे यांचा डोळ्यांशी संबंध नाही. ती काढून घेतो ते आपण, आणि या दुसऱ्या आंधळेपणावर वैद्याकडे औषध नाही.

पाठशाळेत आम्हाला दोन न्याय शिकविले होते. पहिला मर्कटकिशोर न्याय. वानरीचे पिल्लू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरते. आई उडी मारते, धरण्याचे काम पिल्लाचे. दुसरा मार्जारकिशोर न्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही. मांजरी त्याला मानेला धरून हवे तिथे नेते. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये यावरून दोन पक्ष झाले. जीवाने देवाला धरावे, की देवाने जीवाला उचलावे? देवापुढे मांजरीचे पिल्लू व्हावे यात कमीपणा नाही. देव चुकत नाही, थकत नाही, वैतागत नाही. पण मुलगा जेव्हा बापाला म्हणतो, "तुम्ही काही करू नका, मी उचलून नेईन," तेव्हा नकळत तो देवाच्या जागी बसतो. माणूस थकतो, वैतागतो, चुकीच्या जागीही नेऊन ठेवतो. तेव्हा माणसामाणसांत वानरीचा न्यायच बरा. आधार भक्कम असावा, आणि धरण्याचे, सोडण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे असावे.

सांख्यांचा पंग्वंध न्यायही असाच. ईश्वरकृष्णाच्या कारिकांत, एकविसाव्या कारिकेत, तो दृष्टांत आहे. एकाला पाय नाहीत, एकाला डोळे नाहीत. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, वाट सांगतो, आंधळा चालतो, आणि दोघेही रानातून बाहेर पडतात. मूळ दृष्टांत प्रकृतिपुरुषांचा. पण व्यवहारात एवढे ध्यानात घ्यावे की, त्या जोडीत आंधळा हा बसून राहणारा नाही. दोघांचा भार वाहणारा तोच आहे.

परंतु आमच्या या शंकेचे पुरते उत्तर मिळते ते महाभारतात. लोक महाभारत युद्धापाशी संपवितात. युद्धानंतर आश्रमवासिक पर्व येते. दृष्टिहीन म्हातारा माणूस पुतण्याच्या घरी कसा राहिला, हाच त्या पर्वाचा आरंभीचा विषय. शंभर पुत्र गेलेले, राज्य गेलेले, आणि ज्यांचा घात केला त्यांच्याच अन्नावर जगणे आलेले. अशा धृतराष्ट्राला धर्मराजाने पंधरा वर्षे कसे ठेवले? प्रत्येक कामात त्याचा विचार घेऊन. दानधर्म करायचा तो त्याच्या हातून, हवे तेवढे धन त्याच्यापुढे ठेवून. धृतराष्ट्र जन्मांध होता, अपराधीही होता. तरी धर्मराजाने त्याचा 'राजा' हा शब्द काढून घेतला नाही. आपल्या घरातले बाबा तर निरपराध असतात!

त्याच घरात भीमही होता. तो उघड काही करीत नसे. फक्त म्हाताऱ्याच्या कानावर जाईल अशा बेताने दंड थोपटी आणि याच हातांनी त्याची पोरे मारली म्हणून बोलून दाखवी. धर्मराजाला त्याची गंधवार्ता नव्हती. अखेर तेच शब्द जिव्हारी लागून धृतराष्ट्राने वनाची वाट धरली. दिसत नसलेल्या माणसाचे कान सगळ्या घरभर असतात. शेजारच्या खोलीत हळू आवाजात "किती दिवस हे?" असे कोणी म्हटले, तर ते खाटेपर्यंत पोहोचतेच.

संजयाकडे पाहा. युद्ध पाहण्यासाठी व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली. त्याने ती नाकारली, ऐकण्यापुरते मागितले, आणि संजयाला दिव्यदृष्टी मिळाली. संजयाने काय केले? जे घडले ते सांगितले. भीष्म पडले ते सांगितले, दुर्योधन पडला ते सांगितले, आणि दोष तुझाही आहे हे त्या राजाला तोंडावर सांगितले. आपण काय करतो? कर्ज झाले, नात मागणी नाकारून बसली, भाऊबंदकीचा निकाल विरुद्ध गेला, तर म्हणतो, "बाबांना कळू देऊ नका, आधीच त्यांना दिसत नाही." ज्याला दिसत नाही त्याला घर कळते ते आपल्या तोंडूनच. तेही बंद केले तर त्याला राहायला जागा कोणती उरली?

आणि गांधारी. त्या महासतीला दोष देण्याची आमची योग्यता नाही. पण कीर्तनकाराने विचारायचे नाही तर कोणी विचारावे? पतीला जे दिसत नाही ते आपणही पाहायचे नाही, म्हणून तिने डोळ्यांना पट्टी बांधली. निष्ठा मोठी. परंतु त्या घरातला दुसरा डोळ्यांचा जोडही त्याने मिटला. दुःखात वाटेकरी होणे वेगळे आणि ते हलके करणे वेगळे. हे आम्ही आजच्या सुनांसाठी सांगतो. सेवेच्या गोष्टी आम्ही पुरुष बोलतो, आणि करावे लागते घरातल्या बाईला. औषधाचे थेंब तिने घालायचे, पाणी तिने द्यायचे, रात्री उठायचे तिने. तिचे माहेर सुटते, तिची एकादशीची भजनाची पाळी सुटते, आणि चार लोक म्हणतात, "काय सेवा आहे हो!" माउलींनो, ही पट्टी तिने स्वतः बांधलेली नाही, आपण बांधली आहे. मुलाने, नातवाने, लेकीने पाळी वाटून घ्यावी. वर्षात दोन दिंड्या त्या सुनेच्या मालकीच्या असाव्यात. थकलेल्या हाताला धरून कोणाला चालता येत नाही.

धर्मराजाचे घर सोडून ही मंडळी वनात निघाली, ते चित्र आम्ही पाठशाळेत वाचले होते, पण त्याचा अर्थ कळला निजामपुऱ्याच्या पायऱ्यांवर. पुढे कुंती चालली आहे. तिच्या खांद्यावर पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात आहे. गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात आहे. आणि अशा रीतीने तो म्हातारा राजा विश्वासाने चालला आहे, असे व्यास सांगतात. कोणी कोणाचे बकोट धरलेले नाही. जिच्या मुलांना या राजाने देशोधडीला लावले त्या कुंतीने फक्त आपला खांदा पुढे केला. आजही अंधांना चालण्याचे शिक्षण देणारी माणसे हेच सांगतात. त्याला मागून ढकलू नका, पुढून ओढू नका. आपल्या कोपराच्या वरचा भाग त्याला धरू द्या, आणि स्वतः अर्धे पाऊल पुढे चाला. आपल्या अंगाच्या हालचालीवरून त्याला चढउतार कळतो. बाबांनी हे कुठल्या शाळेत शिकलेले नव्हते.

आपल्याच संप्रदायातील उदाहरण घ्या. विदर्भातील माधानचे श्रीगुलाबराव महाराज, १८८१ मध्ये जन्मले, १९१५ मध्ये निजधामाला गेले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. त्यांनी ज्ञानेश्वर माउलींना पिता मानले, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात लहानमोठे शंभराहून अधिक ग्रंथ केले. ते कसे? कोणी वाचून दाखविले, कोणी लिहून घेतले. डोळे त्यांचे, हात त्यांचे; ग्रंथ कोणता वाचायचा, त्यावर म्हणायचे काय, हे महाराजांचे. त्या मंडळींनी "महाराज, आपण बसा, आम्ही लिहितो" असे म्हटले असते, तर आज आपल्या हाती काय आले असते?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. कारण नुसत्या भावनेने पायरी दिसत नाही.

म्हातारपणी दृष्टी जाते ती एकाच रीतीने नाही. काचबिंदूत बाजूची नजर जाते. मनुष्य पोथी वाचील, पण उंबऱ्याला अडखळेल. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला तर उलट. तो घरभर फिरेल, पण समोरच्याचा चेहरा ओळखणार नाही. मग घरची म्हणतात, "मघाशी खाली पडलेले बटण दिसले, आणि आता मी दिसत नाही? सोंग आहे सगळे." सोंग नसते हो! मधुमेहानेही आतला पडदा बिघडतो. काचबिंदू आईबापांत किंवा सख्ख्या भावंडांत असेल, तर बाकीच्यांनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि आतली नस तपासून घ्यावी. कोणाला एकाएकी दिसेनासे झाले, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दृष्टी गेलेल्या कित्येक वृद्धांना नसलेल्या गोष्टी दिसतात. भिंतीवर वेलबुट्टी, अंगणात माणसांच्या रांगा, लहान मुले, पाखरे. त्यांचा आवाज येत नाही, आणि ते खरे नाही हे बहुधा त्या माणसाला कळत असते. जिनिव्हाच्या शार्ल बोने या विद्वानाने १७६० मध्ये आपल्या आजोबांची अशी हकीकत लिहून ठेवली. त्या आजोबांची बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून येणारे थांबले की मेंदू आपल्याच साठ्यातली चित्रे काढतो, एवढाच हा प्रकार. पण म्हातारी माणसे हे बोलत नाहीत. पोरे वेडात काढतील ही धास्ती. बोललीच तर घरची देवऋषी बोलावतात. असे कोणी सांगितले तर हसू नका, घाबरू नका, साक्षात्कार म्हणून डांगोराही पिटू नका. "काय दिसते?" म्हणून ऐकून घ्या, आणि वैद्याच्या कानावर घाला.

घरात शिरताना नाव सांगावे, उठून जाताना "मी जातो" म्हणावे. रिकाम्या खुर्चीशी बोलत बसण्याइतके दुःख दुसरे नाही. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. दारे पुरती उघडी किंवा पुरती बंद असावीत. अर्धवट दार कपाळ फोडते. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात थोड्या नजरेला दिसत नाही. गडद ताट घ्यावे. आपली वाढण्याची रीत तर या कामी जणू मुद्दाम केलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे ठरलेले स्थान मोडले नाही तर आंधळा मनुष्य कोणाच्या मदतीविना जेवून उठतो. नव्या नोटांना कडेला बोटाला लागणाऱ्या रेघा आहेत, शंभराच्या नोटेला चार, पाचशेच्या नोटेला पाच. हे शिकविले तर बटवा बापाकडेच राहू शकतो. ज्ञानेश्वरीचे पारायण आता फोनवरही ऐकता येते. तरी नातवाने रोज वीस ओव्या वाचून दाखविल्या तर दोघांचेही कल्याण. मुंबईत १९५२ पासून अंधांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, आहे. आईबापांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा, दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा. कायदा भाकरी देववील. "बाबा, तुम्हाला काय वाटते?" हे विचारायला मात्र कायदा लावता येत नाही.

ते विचारले एका मित्राने. बाबांच्या घरासमोर एका मोमीन गृहस्थाचा कारखाना आहे. दोघे एका वयाचे. पूर्वी एकाच मुकादमाच्या हाताखाली मागावर उभे राहिलेले. बाबा घरात बसले तेव्हा हे चाचा रोज सकाळी येत, उंबऱ्याशी आपले नाव सांगत, आणि म्हणत, "चल, जरा ऐकून सांग, कुठला माग रडतोय." बाबा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जात. रांगेत उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत, हा धोटा नीट बसत नाही, त्या मागाचा दोरा तुटला. तुटलेल्या दोऱ्याची गाठ त्यांची बोटे न बघता मारीत. ती बोटांची विद्या, डोळ्यांची नव्हेच. मुलांना हे आधी आवडले नाही. यंत्रांत आंधळ्याला नेतात म्हणून ते चाचांशी भांडले. चाचा म्हणाले, "यंत्रापासून चार हात लांब उभा करतो, गाठ मारायची तर माग बंद करून. पण तुम्ही त्याला खाटेवर ठेवलंय तिथं तो रोज थोडा मरतोय, ते तुम्हाला दिसत नाही."

मुलगा हे बोलू शकत नाही, कारण मुलाला भीती असते. मित्राला भीती कमी आणि गरज जास्त असते. मित्र सेवेला आलेला नसतो, त्याला सोबत हवी असते. म्हणून ज्याच्या घरी असे माणूस आहे, त्याने त्याचे मित्र तुटू देऊ नयेत. आणि जे मित्र "त्याला पाहवत नाही" म्हणून जायचे टाळतात, त्यांना आम्ही हात जोडून सांगतो. तुम्हाला पाहवत नाही, पण त्याला तुमची वाट पाहावी लागते.

पुढच्या चैत्रात, २०२३ साली, आम्ही सप्ताहाआधी बाबांच्या घरी गेलो. वीणा बरोबर नेली नाही. पुन्हा आपणच ठरवून टाकण्याची चूक नको. उंबऱ्यावर नाव सांगितले, चूक झाली म्हणालो आणि विचारले, "पहारा घ्याल का? घेतलात तर कोणता?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लगेच हो म्हणवत नाही महाराज. वर्षभर मी मलाच आंधळा म्हणत होतो." आम्ही गप्प बसून राहिलो. निघताना म्हणाले, "बाराचाच द्या. एक पोरगा जवळ असू दे, पण लांब उभा करा. मी हाक मारीन तेव्हा येईल."

त्या रात्री बारा वाजता वीणा त्यांच्या गळ्यात गेली. पोरगा खांबाशी बसला होता. दोन तासांत त्यांनी एकदाच हाक मारली, ती पाण्यासाठी. गल्लीत माग चालू होते, आणि त्या खडखडाटात बाबांचा सूर ढळला नाही. दोन वाजता वीणा उतरली. आम्ही पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिलो, आपला कोपर पुढे केला आणि थांबलो. त्यांनी चाचपून तो धरला. आम्ही उतरलो, ते उतरले.

आमच्याही डोळ्यांचा दाब वाढला आहे, असे यंदा वैद्याने सांगितले. रोज थेंब घालतो. म्हणजे हा लेख दुसऱ्यासाठी लिहिला असे म्हणण्याची सोय आम्हाला उरलेली नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांनी आज रात्री एवढेच करावे. जवळ बसावे, नाव सांगावे, आणि विचारावे, "आम्ही तुमचे काय काय काढून घेतले?" उत्तर आले नाही तरी थांबावे. उत्तर यायला वर्षही लागते, हे आम्ही पाहिले आहे.

पंढरीत मुखदर्शन दुरून घ्यावे लागते, पण पायांवर डोके ठेवता येते. तेथे डोळस आणि आंधळा सारखेच. दोघांच्याही कपाळाला तोच पाषाण लागतो. तिथवर बापाला न्यायचे तर पुंडलिकाची आठवण ठेवावी. त्याने आईबापांचे पाय चेपले. ते पाय त्यांचेच राहिले.

रामकृष्णहरि.